एकटीचा तंबू

(द्वितीय वर्ष, कला)

तंबू म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? कुणाला सर्कस आठवेल, कुणाला लग्नाचा मांडव. इतिहासाच्या तासाला जागे राहणाऱ्यांना कदाचित मोगल बादशहाची छावणी आठवेल. बर्नियर नावाचा फ्रेंच प्रवासी १६६४-६५ मध्ये औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरकडे गेला होता. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत, असे त्याने लिहून ठेवले आहे. एका संचात बादशहा मुक्काम करी, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत, आणि तो वाहायला हत्ती, उंट, खेचरे व हमाल लागत. माझ्या पेशखान्यात मात्र मी एकटीच आहे. हत्ती मीच, हमाल मीच आणि रात्री आत झोपणारी बादशहाही मीच! तेव्हा तंबूचे वजन हा माझ्या दृष्टीने किती जिव्हाळ्याचा विषय असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

गेले वर्षभर मी एकाच माणसापुरता, हलका आणि उघड्या डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्यात टिकणारा तंबू शोधत होते. ऐकणाऱ्याला यात काय अवघड, असे वाटेल. दुकानात जावे, पैसे द्यावेत, तंबू आणावा. पण हलका, टिकाऊ आणि परवडणारा हे तिन्ही गुण एकाच तंबूत शोधणे म्हणजे संध्याकाळी सहा वाजता ठाण्याला कल्याण लोकलमध्ये खिडकीची जागा शोधण्यासारखे आहे. दोन गुण सापडतात, तिसरा हातचा निसटतो.

आधी माझ्याविषयी थोडे सांगायला हवे. मी कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहते. आमची चाळीतली एक खोली आणि तिच्यात आम्ही पाच जण. रात्री अंथरुणे घातली की पाणी प्यायला उठणाऱ्याला पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो. बाबा मंडप बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे गेली बावीस वर्षे कामाला आहेत. गणपती, नवरात्र, लग्नसराई हे त्यांचे हंगाम. पावसाळ्याचे पहिले दोन महिने हात रिकामे. आई घरी बसून शिवणकाम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेजात नेमके काय काय करतात, हे घरी कोणालाच ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. पहिल्या वर्षी सूचनाफलकावर माहुलीच्या पदभ्रमणाचा कागद लागला, तेव्हा तोही अभ्यासक्रमाचाच भाग असावा असे घरच्यांनी धरले. मी त्यांचा समज मोडला नाही!

आसनगावला उतरून माहुली चढले आणि मला डोंगरांचे वेड लागले. आपण कल्याण-डोंबिवलीकर गर्दीला आणि खड्ड्यांना नावे ठेवतो. पण एका बाबतीत आपण भाग्यवान आहोत. एक रेल्वे कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे, आणि कल्याणच्या एस.टी. स्थानकातून निघालेली गाडी मुरबाडवरून थेट माळशेज घाट चढते. तीन दिशांना तीन वाटा आणि तिन्ही सह्याद्रीकडेच जातात. मलंगगड तर आमच्या चाळीच्या गच्चीवरूनही दिसतो.

वाऱ्याची खरी ओळख झाली ती गेल्या वर्षी डिसेंबरात, हरिश्चंद्रगडावर. आम्ही चौदा जण होतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढून गेलो. माथ्यावर भाड्याचे तंबू मिळाले, एकेका तंबूत तीन-तीन मुली. रात्री अकरापर्यंत गाणी चालली होती. बाराच्या सुमारास वारा सुटला. आधी कापड फडफडू लागले, मग एक बाजू आत येऊन आमच्या तोंडाला लागू लागली. तंबूच्या काड्या काचतंतूच्या होत्या. त्यांतली एक कट्‌कन फुटली आणि तिचे टोक कापडातून बाहेर आले. उरलेली रात्र आम्ही पाळीपाळीने दुसरी काडी हातांनी धरून बसलो. मैत्रिणी हसत होत्या, मीही हसत होते. पण मनात एकच विचार होता : हेच कापड, हीच जमीन, मग याहून बरे काय करता आले असते?

त्या तंबूला दोष देण्यात अर्थ नाही. तो झाडाच्या आडोशाला, शांत हवेत उभा राहण्यासाठी केलेला होता. कोकणकड्याची गोष्टच निराळी आहे. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १,४२४ मीटर. पश्चिमेला जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसू लागते. दिवसा खालची तापलेली हवा कड्याला धडकून वर चढते. कड्यावरून टाकलेले पान किंवा टोपी परत वर येते, ती याचमुळे. रात्री उलटा प्रकार. पठारावर गार झालेली जड हवा उताराकडे सरकते आणि कड्यावरून खाली ओघळते. म्हणजे संध्याकाळी तोंडावर असलेला वारा मध्यरात्री पाठीवर येऊ शकतो. खिंडींमध्ये तर तो नळीतून फुंकल्यासारखा येतो. नाणेघाटात पावसाळ्यात धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच नाणेघाटातून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातला माल जुन्नरकडे चढत असे. सातवाहनांनी तेथे खडकातच लेणे खोदले आणि भिंतीवर शिलालेख कोरला. वाऱ्यावरचा सर्वांत पक्का उपाय तोच, पण तो पाठीवर घेता येत नाही.

विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीने मला वाऱ्याचा हिशेब समजावून दिला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या एक चौरस मीटर कापडावर साधारण सहा किलोंचा रेटा देतो. वेग ताशी ७२ किलोमीटर झाला की तो रेटा चोवीस-पंचवीस किलोंवर जातो. पावसाळ्यात डोंबिवली स्थानकाच्या पुलावर छत्री सांभाळणे कठीण होते, तेव्हा वारा ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटरच्या घरात असतो. आता उंच तंबूची दोन चौरस मीटरची बाजू त्या ७२ किलोमीटरच्या वाऱ्यापुढे धरा. पन्नास किलोंचा माणूस कापडावर रेलून बसल्यासारखे होते. तंबू बुटका आणि अरुंद असेल, तर समोर येणारे कापडच कमी. म्हणून एकट्यापुरत्या तंबूचा पहिला फायदा वजनाचा नसून आकाराचा आहे, हे मला तेव्हा कळले.

मग सुरू झाल्या ठाण्याच्या वाऱ्या. तिथल्या मोठ्या दुकानांत तंबू उभे करून ठेवलेले असतात. आत शिरून झोपून पाहिले तरी कुणी हरकत घेत नाही. (एका रविवारी मी इतका वेळ झोपून पाहिले, की बाहेरून एका लहान मुलीने "आई, यात ताई राहते का?" असे विचारले.) विक्रेत्याने आधी झटक्यात उघडणारा तंबू दाखवला. हवेत फेकला की उभा! पण त्याची घडी मोठ्या सुपाएवढी. तो पाठीवर बांधून तोलार खिंड चढायची तर वारा तंबूला सोडून मलाच उडवून नेईल.

दुसरा प्रकार बोगद्यासारखा. एकामागे एक कमानी असलेला. वजनाच्या मानाने आत जागा पुष्कळ आणि वारा समोरून आला तर उत्तम टिकतो. पण वारा आडवा आला की त्याची लांबच लांब कूस सापडते. दिशा बदलणाऱ्या कड्यावरच्या वाऱ्यात हे धोक्याचे. तिसरा प्रकार चालण्याच्या काठीवर उभा राहणारा. त्याला स्वतःच्या काड्याच नसतात, म्हणून सर्वांत हलका. काही एक किलोच्याही आत येतात. चारी बाजू उतरत्या, त्यामुळे वाराही घसरून जातो. मात्र त्याचा सगळा जीव मेखांमध्ये. एक मेख निसटली की तंबू बसला. आपला सह्याद्री पडला काळ्या पाषाणाचा. माथ्यावर कित्येक ठिकाणी बोटभर मातीखाली कातळ लागतो. तिथे मेख शिरेल याची खात्री काय? चौथा प्रकार एकमेकींना छेदणाऱ्या दोन काड्यांचा, बुटक्या घुमटासारखा. तो मेखांशिवायही उभा राहतो, आणि कोणतीही बाजू वाऱ्याकडे आली तरी फारसे बिघडत नाही. काड्या वाढवून, जागोजागी छेद देऊन त्याला आणखी मजबूत करता येते. बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटाच्या तत्त्वावर 'नॉर्थ फेस' या अमेरिकन कंपनीने १९७५ साली असा तंबू बाजारात आणला. पण प्रत्येक जास्तीची काडी म्हणजे जास्तीचे वजन आणि जास्तीचे पैसे.

कापडाची गंमत वेगळीच. हलक्या तंबूंच्या चिठ्ठीवर '२० डेनियर' असे लिहिलेले असते. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. कल्याण स्थानकापासून हा धागा रुळांच्या कडेने सोडत निघालो, तर डोंबिवली आणि कोपर ओलांडून दिव्याच्या अलीकडे तो संपेल, आणि त्या सगळ्या धाग्याचे वजन भरेल वीस ग्रॅम! इतक्या तलम कापडावर आपण वाऱ्याच्या रात्री विश्वास टाकायचा. नायलॉनचे कापड चिवट, पण भिजले की सैल पडते आणि पुन्हा ताणावे लागते. पॉलिएस्टर तितके ताणले जात नाही आणि उन्हालाही जास्त दिवस तोंड देते. आतल्या भागाला नुसती जाळी असेल तर उकाड्यात बरे. पण उघड्या पठारावर त्या जाळीतून धूळ आणि गारठा दोन्ही आत येतात. निदान खालचा अर्धा भाग कापडाचा हवा. काड्या ॲल्युमिनियमच्या हव्यात. त्या वाकतात, पण काचतंतूसारख्या चिरफळत नाहीत, आणि वाकलेल्या जागी छोटी नळी चढवून रात्र निभावता येते.

वजन आणि मजबुती यांचे हे भांडण जुनेच आहे. पुढे मॅटरहॉर्न शिखरावर १८६५ साली पहिल्यांदा पोचणाऱ्या एडवर्ड व्हिंपर यांनी त्याच दशकात चौघांसाठी एक तंबू तयार केला. तो सुमारे दहा किलोंचा होता. त्यांच्या नंतरच्या पिढीतल्या ममरी यांनी हिमकुऱ्हाडीच्या दांड्यांवर उभा राहणारा रेशमी छोटा तंबू वापरला. आणि सायकलवरून नेण्याजोग्या तंबूचा ज्यांनी इंग्लंडमध्ये प्रसार केला, ते थॉमस हिराम होल्डिंग व्यवसायाने शिंपी होते. १९०१ मध्ये त्यांनी सायकलवरून तंबू घेऊन भटकणाऱ्यांची संघटना स्थापन केली. हे वाचून मला फार बरे वाटले. शिवणयंत्राच्या आवाजात माझे बालपण गेले आहे. तंबू ही काही केवळ साहेबी चैन नाही, ती कापड, दोरी आणि टाका यांची विद्या आहे, आणि या विद्येची दोन माणसे माझ्या घरातच बसलेली होती.

बाबांना मी दुकानातल्या तंबूंची छायाचित्रे दाखवली. त्यांनी एकाही काडीकडे पाहिले नाही. "दोऱ्या किती हाईत?" एवढेच विचारले. बाबा मूळचे जुन्नरकडचे. बोलताना अजून तिकडचा हेल येतो. पुढे म्हणाले, "मांडव बांबूवर उभा राहत नाही बाळा, दोरीवर राहतो. कापड ताठ पाहिजे. फडफडलं की समजायचं, आता फाटणार. आणि वाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याला जायला वाट द्यायची." मोठ्या फलकांना अर्धचंद्राकृती चिरा का पाडतात, हे मला त्या दिवशी समजले. तंबूला चिरा पाडता येत नाहीत, म्हणून त्याला उतार द्यायचा आणि निमुळता भाग वाऱ्याकडे करायचा.

जत्रेतल्या दुकानदारांची आणि भटक्या लोकांची पाले त्यांनी लहानपणी पाहिली होती. "वाकल्याबिगर आत जाता येत नाही, तेच पाल रात्री उभं राहतं," असे ते म्हणाले. तंबूच्या दोरीला मराठीत 'तणावा' असा शब्द आहे, तो मी शब्दकोशात शोधून त्यांना सांगितला. त्यांना तो ठाऊक होता. शब्दकोशातला शब्द बाबांच्या तोंडी आधीपासून आहे, याचे मला जे वाटले ते इथे नीट लिहिता येत नाही.

कातळाचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. मेख शिरत नसेल तर तणाव्याला लांब फास करायचा, मोठ्या दगडाला वेढा द्यायचा आणि त्यावर दुसरा दगड ठेवायचा. बांधताना सुरगाठ मारायची, निरगाठ नाही. कारण पहाटे गारठलेल्या बोटांनी ती सुटली पाहिजे.

इथवर सगळे सोपे होते. अवघड होते ते आईला सांगणे. एका माणसाचा तंबू म्हटल्यावर तिने हातातले शिवण खाली ठेवले. "एकटी जाणार आहेस?" मी सांगितले, "नाही गं, जाणार सगळ्यांबरोबरच. झोपणार तेवढी एकटी." ते तिला अधिकच चमत्कारिक वाटले. चौदा जणांत जायचे आणि वेगळे झोपायचे, म्हणजे कुणाशी भांडण आहे का? मग पैशांचा विषय निघाला. पाचवीच्या चार मुलांच्या शिकवण्या घेऊन मी वर्षभरात साडेपाच हजार रुपये साठवले होते. "एवढ्यात घरात कपाट आलं असतं," ती म्हणाली. तिचे खोटे नव्हते. आमचे कपडे अजून पत्र्याच्या पेटीत राहतात. भाड्याचे तंबू दर वेळी किती पैसे खातात, दोघींच्या तंबूपेक्षा हा किलोभर हलका असतो आणि किलोभर वजन वाचले म्हणजे एक लिटर पाणी जास्त नेता येते, असा सगळा हिशेब मी मांडला. हिशेब बरोबर होता, पण खरे कारण तो नव्हता. एकोणीस वर्षांत मी एकही रात्र चार भिंतींच्या आत एकटी झोपलेली नाही. परीक्षेच्या दिवसांत मी जिन्यावर बसून वाचते. मला सर्वांपासून दूर जायचे नाही. हाकेच्या अंतरावर माणसे असावीत, पण मध्ये माझे स्वतःचे एक दार असावे, एवढेच वाटते. हे मी आईला सांगितले नाही. तिलाही तसे दार कधी मिळालेले नाही, हे ठाऊक असताना कोणत्या तोंडाने सांगणार?

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "घे. कपाट दिवाळीला बघू."

नवा तंबू त्या पैशांत बसत नव्हता. नोकरीसाठी बंगळूरला निघालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आपला वापरलेला तंबू साडेचार हजारांत दिला. छेदणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या काड्या, उंची एक मीटरच्या आत, आतला खालचा भाग कापडाचा, बाहेरचे आवरण जवळजवळ जमिनीपर्यंत. चिठ्ठीवर वजन १ किलो ४०० ग्रॅम होते. वाण्याच्या काट्यावर ते १ किलो ६२० ग्रॅम भरले. चिठ्ठीवरच्या वजनात पुष्कळदा मेखा, दोऱ्या आणि पिशवी धरलेली नसते. घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि सोबत काटा नसेल तर निदान प्रश्न तरी विचारावा. मूळच्या चार तणाव्यांना बाबांनी आणखी चार जोडले. त्यांचे फास आईने दुहेरी टाक्याने शिवले आणि सुईच्या भोकांतून पाणी गळू नये म्हणून आतून चिकटपट्टी लावली. वजन चाळीस ग्रॅमने वाढले. तो भार मी आनंदाने वाहीन.

कड्यावर नेण्याआधी तो चाळीच्या गच्चीवर उभा करून पाहिला. मेखा अर्थातच नाहीत. पाण्याने भरलेल्या आठ बादल्यांना तणावे बांधले. संध्याकाळी खाडीकडून बऱ्यापैकी वारा येत होता. बाबांनी प्रत्येक दोरीवर बोट मारून ती सतारीच्या तारेसारखी तपासली, निमुळती बाजू वाऱ्याकडे वळवायला लावली आणि दोन दोऱ्या पुन्हा ओढल्या. कापडाची फडफड थांबली. चाळीतली मुले रांगेने आत-बाहेर करून गेली. शेवटी आई आली. वाकून आत शिरली आणि मांडी घालून बसली. मग आतून तिने चेन ओढून घेतली.

पाच-सात मिनिटे आतून काही आवाज आला नाही. बाबा म्हणाले, "अगं, झोपलीस का?" ती बाहेर आली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "वारा आत येत नाही गं." आणि थोडे थांबून, "आवाज मात्र सगळ्यांचे येतात. बरं वाटतं."

येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा डोंगरावर जाणार आहोत. माथ्यावर मुक्कामाला आणि तंबूला वनखात्याची परवानगी कुठे आहे, हे आधी विचारून घेऊ, कारण हे नियम बदलत असतात. तंबू सध्या माळ्यावर आहे, सैल गुंडाळलेला. घट्ट घडी घातली तर कापडावरचा लेप चिरतो म्हणतात. गेल्या आठवड्यात माळा झाडताना पाहिले, तर त्याच्या पिशवीला आईने जुन्या परकराच्या कापडाचे आणखी एक आवरण शिवून घातले आहे. त्याचे वजन मी अजून केलेले नाही, आणि करणारही नाही.